घर आणि कायदा : वकीलसाहेब नेमके कोणाचे?



ज्या घरात वाडवडिलांनी केलेला वक्फ किंवा कौटुंबिक ट्रस्ट आहे, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : “काळजी कशाला करता? वकीलसाहेब आपलेच आहेत.” बहुतेक वेळा ते चांगल्या मनानेच बोललेले असते. वकील वडिलांच्या वेळेपासूनचे, लग्नकार्याला येणारे, ईदला शीरखुर्म्याला बसणारे. त्यांच्यावर अविश्वास कोण दाखवणार? पण कागदावर सही करायची वेळ आली की ‘आपले’ या शब्दाचा अर्थ नीट लावून घ्यावा लागतो. मुतवल्ली असलेल्या थोरल्या भावाचे वकील आणि उत्पन्नात हिस्सा असलेल्या बहिणीचे वकील एकच असतात का? या महिन्यात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

बोलायला सोपे जावे म्हणून एक घर कल्पू या. घर लोणारचे, बुलढाणा जिल्ह्यातले. आजोबांनी वक्फनामा करून आठ एकर जमीन आणि बाजारातली दोन दुकाने अल्लाहच्या नावे केली. अट अशी घातली की, उत्पन्नातला ठरावीक भाग मदरशाला आणि गरिबांना द्यावा, उरलेला मुलाबाळांना पिढ्यानपिढ्या मिळावा, आणि वंश खुंटला तर सगळे उत्पन्न गरिबांकडे जावे. यालाच वक्फ-अलल-औलाद म्हणतात. आज मुतवल्ली थोरले भाईजान आहेत. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. एक बहीण मेहकरला दिलेली, दुसरी जालना जिल्ह्यात मंठ्याला. दुकानाचा भाडेकरू भाडे देईना, म्हणून भाईजानांनी वकील लावले. फी वक्फच्या उत्पन्नातून जाते. वकील घरी येतात, चहा घेतात, बहिणी त्यांना चाचा म्हणतात.

दरम्यान समृद्धी महामार्ग याच मेहकर-लोणारच्या पट्ट्यातून गेला. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या कल्पनेतल्या घराच्या रस्त्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक लागले. मग एक दिवस वकीलचाचा दोघी बहिणींपुढे एक कागद ठेवतात आणि म्हणतात, “बेटा, इथे सही करा. भाईजानांना काम करायला मोकळीक मिळेल.” कागद हक्कसोडपत्राचा आहे की साध्या संमतीचा, हे बहिणींना कळत नाही. विचारायचे तर कोणाला? समोर बसलेले चाचाच तर वकील आहेत.

त्या क्षणी ते कोणाचे वकील असतात?

मालकी कोणाची, ते आधी

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे हे विचारायला ते प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे गेले, ही हकीकत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मूळ मालमत्ता राखून ठेवावी आणि तिचे फळ दान करावे, असा मार्ग त्यांना सांगितला गेला. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, प्रवाशांना, पाहुण्यांना द्यायचे. जो कारभार पाहील त्याने रास्त प्रमाणात त्यातून खावे, पण त्यातून स्वतःची संपत्ती उभी करू नये. पुढे या वक्फचा कारभार हजरत उमर यांनी आपल्या कन्येकडे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवला, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात येते. ज्या घरांत मुलीला वक्फचा हिशेबही दाखवत नाहीत, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

भारतातल्या न्यायालयांनीही मुतवल्लीला मालक मानलेले नाही. १९२१ मध्ये विद्यावरुथी तीर्थ विरुद्ध बालुसामी अय्यर या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलचा निकाल न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी दिला. खटला एका हिंदू मठाचा होता, पण त्यात मुतवल्लीचाही विचार झाला. वक्फची मिळकत अल्लाहच्या मालकीत जाते आणि मुतवल्ली हा तिचा व्यवस्थापक असतो, असे तिथे स्पष्ट झाले. इंग्रजी कायद्यातल्या ट्रस्टीप्रमाणे मिळकत त्याच्या नावावर चढत नाही. मात्र गैरकारभार झाला तर त्याला ट्रस्टीसारखेच उत्तर द्यावे लागते.

कुटुंबासाठीचा वक्फ कायद्याने टिकवणे हे काही सोपे गेलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये फातमाबीबी प्रकरणात, शेवटी धर्मादाय हेतू असेल तर असा वक्फ वैध ठरतो, असे मानले होते. पण १८९४ मध्ये अबुल फता प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने वेगळी भूमिका घेतली. गरिबांचा वाटा नावापुरता असेल तर तो वक्फ नव्हे, असे ठरले आणि कितीतरी घरांचे वक्फ अडचणीत आले. मौलाना शिबली नोमानी यांनी त्याविरुद्ध देशभर मत तयार केले. मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कायदेमंडळात गेलेले बॅरिस्टर जिना यांनी विधेयक मांडले आणि १९१३ चा वक्फ वैधता कायदा झाला. १९३० च्या कायद्याने त्याआधीच्या वक्फांनाही संरक्षण मिळाले. ज्या सोयीसाठी आपल्या आधीच्या पिढ्या एवढ्या झगडल्या, तिचा कारभार आपल्याच घरात अंधारात चालावा, हे बरे नव्हे.

वकीलपत्रावर सही कोणाची?

उर्दूत वकिलाच्या अशिलाला मुवक्किल म्हणतात. मुवक्किल म्हणजे ज्याने काम सोपवले तो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३, नियम ४ नुसार पक्षकाराने लेखी नेमणूक केल्याशिवाय वकिलाला त्याच्या वतीने न्यायालयात काम चालवता येत नाही. ही नेमणूक म्हणजे वकीलपत्र. म्हणून ‘वकील कोणाचे’ या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या कागदाच्या तळाशी असते. सही कोणाची आहे, आणि सहीखाली काय लिहिले आहे?

आपल्या लोणारच्या घरात दुकानाच्या दाव्यातले वकीलपत्र भाईजानांनी दिले आहे, ‘मुतवल्ली या नात्याने’. म्हणजे वकिलाला सूचना देण्याचा अधिकार भाईजानांचा. बहिणी त्याच्या अशील नाहीत. पुण्याचा भाऊही नाही. त्यांच्या हिश्श्यासाठी भांडायचे काम या वकिलाने पत्करलेले नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण गैरसमजात राहण्यापेक्षा बरे.

मात्र दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. भाईजान हे वकील स्वतःसाठी वापरू शकत नाहीत. ते मुतवल्ली या नात्याने नेमले गेले आहेत, आणि फी ज्या पैशातून जाते त्यात बहिणींचा, भावाचा, मदरशाचा आणि गरिबांचाही वाटा आहे. तेव्हा या वकिलाचा सल्ला वक्फच्या भल्यासाठी असायला हवा. भाईजान माणूस म्हणून वेगळे आणि भाईजान मुतवल्ली म्हणून वेगळे. एकाच अंगात हे दोघे राहतात, म्हणून घोटाळा होतो.

तीन कामे, तीन उत्तरे

पहिले काम भाडेकरूविरुद्धच्या दाव्याचे. ते वक्फचे काम आहे. भाडे वसूल झाले तर सगळ्यांचा फायदा. इथे मुतवल्लीने वक्फच्या पैशातून वकील लावणे रास्त आहे. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याच्या कलम ३२ मध्ये खाजगी ट्रस्टच्या ट्रस्टीलाही योग्य कारणासाठी केलेला खर्च ट्रस्टच्या मालमत्तेतून घेण्याची मुभा आहे. या कामात वकील भाईजानांचे ऐकतात आणि त्यातून सगळ्यांचे हित साधते. इथे कोणाचे कोणाशी भांडण नाही.

दुसरे काम वेगळे. समजा बहिणींनी विचारले, “पाच वर्षांत दुकानांचे भाडे किती आले, मदरशाला किती दिले, आमचा हिस्सा कुठे आहे?” भाईजानांनी उत्तर दिले नाही. बहिणींनी वक्फ मंडळाकडे तक्रार केली. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ७० नुसार वक्फमध्ये हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती प्रतिज्ञापत्रासह मंडळाकडे चौकशीसाठी अर्ज करू शकते, आणि वाकिफचे वंशज या व्याख्येत येतात. आता भाईजान त्याच वकीलचाचांकडे गेले आणि म्हणाले, “मला वाचवा.” इथे काम बदलले. आता बचाव वक्फचा चाललेला नाही, भाईजानांचा चालला आहे. ते पदावरून जाऊ नयेत, यासाठीचा हा बचाव आहे.

त्याची फी कोणी द्यायची? वक्फ कायद्याच्या कलम ६२ मध्ये याचे सरळ उत्तर आहे. मुतवल्लीला पदावरून काढण्याची किंवा त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालली असेल, तर त्या कामाचा खर्च त्याला वक्फच्या पैशातून करता येत नाही. फी खिशातून द्यायची. आम्हाला हे कलम फार मोलाचे वाटते, आणि ते फारच कमी घरांत माहीत आहे. बहिणीच्या हिश्श्याच्या पैशातून बहिणीविरुद्ध वकील उभा करणे ही खयानत आहे. सूरह निसाच्या १०५ व्या आयतीत खयानत करणाऱ्यांच्या बाजूने भांडू नये, अशी ताकीद आली आहे. मुतवल्लींनी आणि वकिलांनीही ती आठवावी.

तिसरे काम म्हणजे बहिणींपुढे ठेवलेला तो कागद. इथे भाईजानांचे हित आणि बहिणींचे हित समोरासमोर उभे आहे. एकाने मिळवायचे ते दुसरीने सोडायचे आहे. अशा वेळी एक वकील दोघांचा असू शकत नाही. दोन डगरींवर पाय ठेवणारा कोणाच्याच उपयोगाचा नसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी १४ व्या नियमानुसार वकिलाने काम घेतानाच आपले पक्षकारांशी असलेले संबंध आणि त्या वादातला आपला हितसंबंध अशिलाला मोकळेपणाने सांगायला हवा. ३३ व्या नियमानुसार ज्याने एका पक्षाला दाव्याबाबत सल्ला दिला किंवा त्याचे कागद तयार केले, त्याला विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही. या नियमांच्या मागचे तत्त्व धरले, तर चांगला वकील बहिणींना स्वतःच सांगेल : “मी भाईजानांचा वकील आहे. या कागदाबाबत तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारा.” असे सांगणारे वकील आहेत. त्यांच्या बोलण्याचा राग मानू नये, ते तुमचे भलेच करत असतात.

शिवाय तो कागद कायद्यात टिकतो का, हेही पाहावे लागते. वक्फ कायद्याखालच्या स्थावर मिळकतीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा हस्तांतर कलम ५१ नुसार मुळातच रद्दबातल आहे, आणि भाडेपट्ट्याला मंडळाची पूर्वपरवानगी लागते. बहीण जिची मालकच नाही ती जमीन तिच्या सहीने भावाच्या नावावर होऊ शकत नाही. खाजगी ट्रस्ट असेल तर विश्वस्त कायद्याचे कलम ५३ लागू होते. ट्रस्टीला ट्रस्टची मालमत्ता स्वतः विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्याने घ्यायची तर दिवाणी न्यायालयाची परवानगी हवी, आणि लाभार्थ्याचा उघड फायदा दिसल्याशिवाय न्यायालय ती देत नाही. कलम ५२ तर ज्याच्याकडे विक्रीचे काम आहे त्या ट्रस्टीला आणि त्या विक्रीसाठी त्याने नेमलेल्या प्रतिनिधीलाही ती मालमत्ता स्वतः घेऊ देत नाही, सरळ मार्गाने नाही आणि आडमार्गानेही नाही.

चाचांना सांगितलेले कुठे जाते?

भगिनींनो, एक गोष्ट जपून करा. घरच्या वकिलाला आपले मन मोकळे करण्याची आपली सवय असते. “मुलीचे लग्न तोंडावर आहे, पैशाची फार नड आहे, थोडे कमी मिळाले तरी चालेल,” असे आपण चाचांना विश्वासाने सांगतो. पण वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेचे जे संरक्षण आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, ते अशिलाला आहे. अशील भाईजान आहेत. त्यांनी चाचांना सांगितलेले त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर येणार नाही. तुम्ही सांगितलेले मात्र भाईजानांपर्यंत जाऊ शकते, किंबहुना अशिलाच्या कामाची गोष्ट त्याला सांगणे हे चाचांचे कर्तव्यच ठरू शकते.

याचा अर्थ वकिलाने लबाडी झाकावी असा नाही. बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण मिळत नाही, आणि काम घेतल्यानंतर वकिलाच्या नजरेस आलेल्या गुन्ह्याला किंवा फसवणुकीलाही मिळत नाही.

सल्ल्याचा कागद कोणाला पाहता येतो?

हा प्रश्न जगभर पडला आहे. इंग्लंडमध्ये १८६५ साली टॅलबॉट विरुद्ध मार्शफील्ड हे प्रकरण झाले. ट्रस्टच्या निधीतून काही लाभार्थ्यांना रक्कम द्यावी की नाही, याबाबत ट्रस्टींनी वकिलाचे मत घेतले. पुढे दुसऱ्या लाभार्थ्यांनी दावा लावला, तेव्हा ट्रस्टींनी स्वतःच्या बचावासाठी दुसरे मत घेतले. न्यायालयाने सांगितले की पहिले मत ट्रस्टच्या कारभारासाठी घेतले आहे, ते लाभार्थ्यांना दाखवा. दुसरे ट्रस्टींच्या स्वतःच्या बचावासाठी आहे, ते दाखवायची गरज नाही. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयाने १९७६ मध्ये असाच विचार केला आणि फी कोणाच्या पैशातून गेली हेही पाहिले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९६ मध्ये वकिलाचा अशील एकटा ट्रस्टीच असे धरून लाभार्थ्यांना तो संवाद पाहू दिला नाही. अमेरिकेच्या वकील संघटनेनेही १९९४ च्या आपल्या मतात, वकील ट्रस्टीचे प्रतिनिधित्व करतो, लाभार्थ्यांचे नाही, असेच म्हटले होते.

आपल्याकडे खाजगी ट्रस्टच्या लाभार्थ्याला १८८२ पासून लेखी हक्क आहे. विश्वस्त कायद्याच्या कलम ५७ नुसार त्याला ट्रस्टचा दस्त, मालकीचे कागद, हिशेब आणि पावत्या पाहता येतात, त्यांच्या नकला घेता येतात. याच कलमात, ट्रस्टीने आपले कर्तव्य बजावताना मार्गदर्शनासाठी वकिलापुढे मांडलेले प्रश्न आणि त्यावर मिळालेली मतेही पाहण्याचा हक्क दिला आहे. कलम १९ नुसार ट्रस्टीने नेटका हिशेब ठेवायचा आणि लाभार्थ्याने मागितल्यावर पूर्ण, खरी माहिती द्यायची.

वक्फला हा कायदा थेट लागू होत नाही, कारण पहिल्याच कलमात वक्फचे नियम बाजूला ठेवले आहेत. पण वक्फ कायद्यातही मुतवल्लीवर हिशेब ठेवण्याची, तो मंडळाला देण्याची आणि तपासणी करू देण्याची जबाबदारी आहे. आमचे म्हणणे असे की, कायद्याच्या कलमाची वाट न पाहता हा साधा दंडक घरातच पाळावा : ज्या सल्ल्याची फी वक्फने दिली, तो सल्ला हिस्सेदारांना दाखवावा. ज्याची फी मुतवल्लीने स्वतः दिली, तो त्याचा खाजगी. ताकाला जाऊन भांडे लपवायची वेळ मग येत नाही.

लोणारचे कागद कुठे शोधायचे?

वकील कोणाचा हे ठरवण्याआधी आपल्याकडे वक्फ आहे की ट्रस्ट, हे कळायला हवे, कारण दोघांचे कायदे वेगळे. आमच्या वऱ्हाडात इथेच गुंता होतो. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण लोणारच्या शेजारचा मंठा-जालन्याचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. पुढे मराठवाड्यात १९५४ चा वक्फ कायदा चालला, तर उरलेल्या महाराष्ट्रात मुसलमानांच्या सार्वजनिक संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या गेल्या. १९९५ चा वक्फ कायदा १ जानेवारी १९९६ रोजी लागू झाला आणि २००२ मध्ये महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ अस्तित्वात आले. त्याचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. त्यामुळे मंठ्याच्या सासरचे कागद एका दप्तरात आणि लोणारच्या माहेरचे दुसऱ्या, असे एकाच बहिणीच्या बाबतीत होऊ शकते.

मुसलमानाने केलेली प्रत्येक धर्मादाय व्यवस्था वक्फच असते असेही नाही. मुसलमान सार्वजनिक ट्रस्टही करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ विरुद्ध शेख युसुफ भाई चावला या प्रकरणात सांगितले. २०२५ च्या दुरुस्तीनंतर लेखी वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ होत नाही, आणि वक्फ-अलल-औलादमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा वारसाहक्क डावलला जाऊ नये, अशी तरतूदही आली आहे. या दुरुस्तीतल्या अनेक गोष्टींवर देशभर वाद झाला आणि त्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण मुलीचा हिस्सा बुडवण्यासाठी वक्फचा आडोसा घेणे शरियतलाही मंजूर नाही, एवढे म्हणायला वादाची गरज नाही.

दस्त हाती नसेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जा. स्थावर मिळकतीचा नोंदणीकृत दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतो आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार फी भरून कोणालाही त्याची नक्कल मिळते. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा. वक्फ मंडळाकडे नोंद आहे का ते विचारा. हे कागद घेऊन मगच वकिलासमोर बसा.

आता काय करावे?

मुतवल्ली भावांना आमची विनंती आहे. वकिलाला काम देताना वकीलपत्रात आणि फीच्या पावतीवर ‘मुतवल्ली या नात्याने’ असे स्पष्ट लिहून घ्या. स्वतःच्या कामाची फी वेगळी ठेवा, स्वतःच्या खिशातून द्या. वर्षातून एकदा, ईदनंतर सगळे जमतात तेव्हा, हिशेबाची वही सर्वांसमोर उघडा. त्यात वकिलाची फी कोणत्या कामाची, तेही लिहा. अनाथांचा माल सांभाळणाऱ्याला सूरह निसाच्या सहाव्या आयतीत, माल परत देताना साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. सांभाळणाऱ्याची इज्जत यातूनच राखली जाते. खाजगी ट्रस्टच्या कारभारात शंका असेल तर कलम ३४ नुसार ट्रस्टी दावा न लावताही जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे मार्गदर्शन मागू शकतो. आपल्याकडे ते बुलढाण्याचे जिल्हा न्यायालय. न्यायालय हितसंबंधितांना अर्जाची प्रत देऊन ऐकून घेऊ शकते, आणि त्या मतानुसार प्रामाणिकपणे वागणाऱ्या ट्रस्टीला पुढे त्याबाबत दोष लागत नाही.

भगिनींना आणि धाकट्या भावांना आमचे सांगणे असे : कागद पुढे आला की तीन प्रश्न विचारा. हे वकील कोणाचे काम पाहतात? त्यांची फी कोणाच्या पैशातून जाते? या कागदाने माझे काय कमी होते? उत्तर तोंडी मिळाले तर ते लिहून मागा. कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, वाचून घ्या. ज्याला सहीची एवढी घाई असते की दोन दिवसही थांबवत नाही, त्याला नाही म्हणायला हरकत नाही.

आणि स्वतःचा वकील घ्या. पैसे नसतात, हे आम्हाला माहीत आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. तो वकील तुमचा असेल, तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असेल.

काही घरांत याला भांडण म्हणतील. “बहिणीने भावाविरुद्ध वकील केला,” असा बोभाटा होईल. आम्हाला तसे वाटत नाही. दोन वकील समोरासमोर बसून एक कागद नीट करतात, तेव्हा दहा वर्षांनी होणारा दावा टळतो. हिशेब मागितल्याने नाते तुटत नाही, हिशेब न दिल्याने तुटते. सोडायचे असेल तर बहिणीने खुशीने सोडावे, समजून सोडावे, आणि वक्फच्या बाबतीत सोडण्यासारखे काय आहे आणि काय नाही ते आधी जाणून घ्यावे.

वकीलचाचांनाही आमचा सलाम आहे. ते येत राहोत, चहा घेत राहोत. फक्त कागद काढण्याआधी त्यांनी एक वाक्य बोलावे : “बेटा, या कामात मी भाईजानांचा वकील आहे, तुमचा नाही.”